७२ माणसं, ७५ हजार आणि साहेब म्हणतात "यंदा काहीतरी वेगळं करा"

भोसरीची_एचआर

नमस्कार मंडळी, जरा डोकं लावा माझ्यासाठी. मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत एचआर बघते, म्हणजे नावाला एचआर, बाकी कँटीनच्या चपात्या कच्च्या का इथपासून गेटपासपर्यंत सगळं माझ्याच टेबलावर येतं. प्रेस शॉप आहे, गाड्यांचे शीट मेटलचे पार्ट काढतो. एकूण माणसं ७२, त्यातली ४८ शॉपवर (त्यातले १९ कॉन्ट्रॅक्टचे), बाकी ऑफिस, क्वालिटी, स्टोअर, टूलरूम. बायका आम्ही ११.

दरवर्षी जुलैत एक दिवस टीम बिल्डिंगच्या नावाखाली बाहेर जातो. मागच्या वर्षी एका एजन्सीला दिलं होतं. एक मुलगा आला माईक घेऊन, सगळं इंग्लिशमधून, शेजाऱ्याला टाळी द्या, आता डोळे मिटा आणि स्वतःला झाडाच्या जागी कल्पा, वगैरे. आमचे ऑपरेटर एकमेकांकडे बघून हसत बसले आणि अर्ध्या तासात हळूहळू एकेक करून मागच्या शेडमध्ये तंबाखू मळायला गेले. मग ते मागे पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं असतं ना, त्यात मेंटेनन्सचे काका पडले, झेलणाऱ्यांचं लक्ष फोटोवाल्याकडे. चार दिवस कंबर धरून घरी. वर सगळ्यांना एकसारखे टीशर्ट, त्यावर 'एक टीम', आणि येताना बसमध्ये ऑफिसवाले पुढे नि शॉपवाले मागे, जसे गेले तसेच आले.

दुसरं दुखणं महिन्याच्या मीटिंगचं. शेवटच्या शनिवारी कँटीनमध्ये पडदा लावून दोन तास. रिजेक्शनचे पीपीएम (दहा लाखांत किती पार्ट खराब), कस्टमर कंप्लेंट, फाइव्ह एसचे (जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत) फोटो. लाइट बंद केले की सेकंड शिफ्टवाले झोपतात आणि मला त्यांचा रागही येत नाही. शेवटी साहेब विचारतात "काही प्रश्न?" तर एकदम चिडीचूप. तीच माणसं पाच मिनिटांनी गेटबाहेर टपरीवर तावातावाने बोलत असतात.

बजेट ७५ हजार सगळं धरून. सुट्टी आमची गुरुवारी. श्रावण लागायच्या आत उरकायचंय. सुचवा प्लीज, पण आधीच सांगते, रेन डान्स नको.

स्पष्टवक्ता

७५ हजार भागिले ७२ म्हणजे माणशी हजार एक्केचाळीस रुपये. पाकिटात घालून हातात द्या. तुमची टीम तिथल्या तिथे बिल्ड होईल.

भोसरीची_एचआर

@स्पष्टवक्ता, दादा हे मी साहेबांना खरंच विचारलं होतं, अगदी याच शब्दांत नाही पण. ते म्हणाले पैसे बोनसचे वेगळे, हे वेगळं. आणि खरं सांगू का, शॉपवरच्या पोरांना जायचं असतं हो. वर्षातून एकदा सगळे मिळून बाहेर पडतात. त्यांना जाणं नकोय असं नाही, तो माईकवाला नकोय.

हिंजवडीचा_वनवासी

आमच्या आयटीत तर आता टीम बिल्डिंग म्हणजे ऑनलाइन तंबोला, ४० जणांचे कॅमेरे बंद, आणि हाऊसी कुणाला लागली तर त्याचा माईक चालू होत नाही 😀 त्यामुळे तुमच्याकडे माणसं निदान एका छपराखाली आहेत याचा मला हेवा वाटतोय.

एक खेळ मात्र सांगतो जो मी स्वतः तीनदा खेळलोय आणि तिन्ही वेळा लोक शेवटपर्यंत जागे होते. पीटर स्किलमन नावाच्या डिझायनरने काढला आणि टॉम वूजेक याने २०१० च्या टेड भाषणात सांगितल्यावर जगभर पसरला. चार चार जणांचा गट, वीस कच्च्या स्पॅगेटीच्या काड्या, साधारण तीन फूट चिकटपट्टी, तीन फूट दोरा आणि एक मार्शमॅलो. अठरा मिनिटांत जास्तीत जास्त उंच मनोरा उभा करायचा, मार्शमॅलो वर टोकावर पाहिजे. गंमत अशी की त्या वूजेकने बरेच गट बघितले तर बालवाडीतली पोरं एमबीएच्या विद्यार्थ्यांपेक्षा उंच मनोरे करतात. कारण मोठे लोक पंधरा मिनिटं बॉस कोण आणि प्लॅन काय यात घालवतात, शेवटच्या मिनिटाला मार्शमॅलो ठेवतात आणि धपकन सगळं खाली. पोरं पहिल्या मिनिटापासून मार्शमॅलो ठेवून बघतात, पडलं की परत करतात. आणि कंपन्यांच्या सीईओंचे गट बरे करायचे, पण त्यात त्यांची असिस्टंट घातली की लक्षणीय चांगले करायचे. तेव्हा गटात साहेब एकटे नकोत, स्टोअरचा पोरगा सोबत घाला.

आम्ही एकदा स्पॅगेटी मिळाली नाही म्हणून हिराच्या झाडूच्या काड्या आणि वर बेसनाचा लाडू असं केलं. काडी वाकते आणि लाडू जड, एकाही गटाचा मनोरा उभा राहिला नाही, लाडू मात्र सगळे संपले.

अंबडचे_काका

ताई, मी नाशिकला अंबडला प्रेस शॉपमध्येच ३१ वर्षं काढली, ऑपरेटर म्हणून लागलो आणि शिफ्ट इन्चार्ज म्हणून रिटायर झालो, त्यामुळे तुझी मीटिंग मला इथूनच दिसतेय. मागच्या रांगेत मीच बसायचो.

खेळबिळ नंतर, आधी मीटिंगचं बोलतो. माणूस प्रश्न का विचारत नाही? कारण त्याने आधी कधीतरी विचारलेला असतो. आमच्याकडे सूचना पेटी होती, मोठ्या थाटात लावलेली. पहिल्या महिन्यात सत्तावीस चिठ्ठ्या आल्या, एकाही चिठ्ठीचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही. सहा महिन्यांनी उघडली तर आत पुडीचे कागद. लोक मूर्ख नसतात, त्यांनी पेटीचा खरा उपयोग शोधून काढला होता.

मग नवीन प्लांट हेड आले त्यांनी दोन गोष्टी केल्या. पडदा आणि खुर्च्या दोन्ही काढून टाकल्या. रोज शिफ्ट सुरू होताना मशीनजवळ उभ्याने दहा मिनिटं, काल काय झालं, आज काय काढायचंय, कुठे अडकलंय. आणि एक पांढरा फळा लावला, त्यावर अडचण, कोणी सांगितली, कोण करणार, कधीपर्यंत, एवढंच. झालं की हिरवी टिकली, नाही झालं की लाल. महिन्याची मीटिंग म्हणजे त्या फळ्यासमोर पाऊण तास, आणि बोलायला सुरुवात मॅनेजरने करायची, माझ्या लाल टिकल्या किती आणि का. पहिल्या महिन्यात साहेबाच्याच सात लाल होत्या. तेव्हापासून लोक बोलायला लागले ते आजपर्यंत. पीपीएमचा ग्राफ लावा की, पण तो फळ्याच्या बाजूला छापून लावा, ज्याला वाचायचा तो वाचेल.

जमलं तर एक क्वालिटी सर्कल पण चालू कर, म्हणजे कामगारांचाच छोटा गट, आपल्या कामातल्या अडचणी आपणच सोडवणारा. जपानात १९६२ साली इशिकावांनी हे सुरू केलं, आपल्याकडे १९८० मध्ये हैदराबादच्या भेलमध्ये (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) आलं, मग १९८२ ला क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया झाली, त्यांच्या स्पर्धा असतात. आमचा सहा जणांचा ग्रुप एकदा गेला होता, बरची (पार्टच्या कापलेल्या कडेला राहणारी धार) उंची कमी कशी केली यावर, मराठीतच बोललो. आमच्यातला एक जण घरी बायकोसमोरसुद्धा बोलत नाही म्हणायचे, तो स्टेजवर बारा मिनिटं बोलला. असं काही झालं की वेगळी सहल काढावी लागत नाही.

आता खेळ. तुझ्याकडे प्रेस आहेत ना, मग डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायची शर्यत लाव. टोयोटात १००० टनाच्या प्रेसला डाय बदलायला चार तास लागायचे, शिगेओ शिंगोंनी काम हातात घेतल्यावर ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आलं, त्यातूनच दहा मिनिटांच्या आत सेटिंग ही पद्धत निघाली. सगळी गोम एकच, जे काम मशीन चालू असताना करून ठेवता येतं ते मशीन थांबवून करू नका. पाने, बोल्ट, क्लॅम्प आधीच ट्रॉलीवर लावून ठेवा. तू काय कर, सगळ्यात छोटी प्रेस घे. पाच जणांचा गट, दोन ऑपरेटर, एक टूलरूमचा, एक ऑफिसचा, एक क्वालिटीचा. ऑपरेटरने ऑफिसवाल्याला शिकवायचं. ऑफिसवाल्याने डायला हात लावायचा नाही हां, त्याच्याकडे घड्याळ, यादी आणि ट्रॉली. आणि सेफ्टी सांभाळूनच, मेन स्विचला कुलूप, रॅमखाली (प्रेसचा वरून खाली येणारा भाग) सेफ्टी ब्लॉक, मेंटेनन्सवाला शेजारी उभा. घाईत बोट गेलं तर आयुष्यभराचं, म्हणून एकही सेफ्टी स्टेप चुकली की गट बाद, वेळ कितीही कमी असो. हे लेखी दे सगळ्यांना.

ताकभात

काकांचा फळा मी आमच्याकडे चोरणार आहे.

मी बायकांच्या बाजूने चार गोष्टी बोलून घेते, कारण प्लॅन करताना त्या कुणाच्या डोक्यातच नसतात आणि मग आम्ही 'काही कार्यक्रमांत भाग न घेणाऱ्या' ठरतो. एक, संध्याकाळी किती वाजता परत हे छापील सांगायचं आणि पाळायचं. आमच्याकडे सहा म्हणाले आणि साडेनऊला आणून सोडलं, तेही कंपनीच्या गेटवर, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. पुढच्या वर्षी आमच्यातल्या पाच जणींच्या घरच्यांनीच नको सांगितलं आणि त्यांचं काय चुकलं? दोन, जागा नक्की करायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन टॉयलेट बघून या. वेबसाइटवरचा फोटो स्विमिंग पूलचा असतो, टॉयलेटचा नसतो. तीन, दारू. कंपनीने दिली नाही तरी बसच्या मागच्या सीटवर क्वार्टर निघते हे सगळ्यांना माहितीय, आषाढात तर जास्तच, गटारी जवळ आली की लोकांना कारणच लागतं. आधीच स्पष्ट सांगा की सापडला तर पुढच्या वर्षी नाव नाही. चार, भिजायचे खेळ ठेवायचे तर कपडे बदलायला नीट खोली हवी, नाहीतर ठेवूच नका. रेन डान्सला तुम्ही आधीच नाही म्हणालात त्याबद्दल तुम्हाला माझ्याकडून एक वडापाव.

आणि ते १९ कॉन्ट्रॅक्टचे, त्यांना नेणार आहात ना? तुम्ही आकडा ७२ लिहिलात म्हणून विचारते. आमच्याकडे त्यांना नेलं पण टीशर्ट दिला नाही, कारण टीशर्ट एचआरच्या बजेटमधून आणि ते कॉन्ट्रॅक्टरचे. शंभर लोकांत बारा जण बिनटीशर्टचे, लांबून ओळखू यायचे. त्यापेक्षा न नेलेलं परवडलं असतं.

भोसरीची_एचआर

@ताकभात, नेणार आहे, त्यावरून अकाउंट्सशी भांडण पण झालंय. टीशर्ट यंदा कुणालाच नाही, ते पैसे जेवणात घालते.

काका, तुमचा मेसेज मी प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. सात लाल टिकल्यांचं वाचून दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले शर्यत आपण कंपनीतच घेऊ, बुधवारी शिफ्ट संपल्यावर, ओव्हरटाइम धरून. मग गुरुवारी बाहेर फक्त मजा. जागेचं लोहगड डोक्यात आहे, कसं वाटतं?

पायवाट

लोहगड सुंदर आहे, पायऱ्या आहेत, शिवाय २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, बारा किल्ल्यांमधला एक. पण मी शनिवार-रविवार लोक गडावर नेतो म्हणून सांगतो, ७२ जणांना पावसाळ्यात नेऊ नका. वयं वीस ते अठ्ठावन्न असणार, कुणाचे गुडघे, कुणाचा बीपी, अर्ध्यांच्या पायात चपला. पायऱ्या ओल्या, धुकं आलं की पुढचा मागच्याला दिसत नाही. मोठी बस घेऊन वर लोहगडवाडीपर्यंत जायच्या फंदात तर पडूच नका, रस्ता अरुंद आणि चढाचा.

त्यापेक्षा खाली भाजे लेणी करा. मळवली स्टेशनजवळ, गावातून पायऱ्या चढून वीसेक मिनिटांत वर. २२ लेण्यांचा समूह आहे, इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकापासूनचा, चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत त्या बघाच. तुमचे टूलरूमचे लोक ते बघून वेडे होतील, आमच्या एका ग्रुपमध्ये एक फिटर काका होते ते अर्धा तास नुसते सांधे बघत बसले होते. ज्यांना चढायचं नाही ते खाली चहा-भजी. पाऊस आला तर लेण्यात आडोसा. तिकीट आहे, आणि आत खेळ, आरडाओरडा, खाणं काही नाही, खेळ नंतर जिथे जेवणार तिथे.

भुशी डॅम, धबधबे वगैरे कुणी बसमध्ये 'जाता जाता' म्हणालं तर ऐकू नका. २०२४ च्या जूनअखेर तिथल्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, वरून लोंढा यायला काही सेकंद लागतात. आणि त्या भागात पावसाळ्यात प्रशासनाचे बंदी आदेश निघतात, ते निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या. गुरुवार आहे तुमचा हे मात्र भाग्य, रविवारी त्या रस्त्याला नुसत्या गाड्यांच्या रांगा असतात.

कट्ट्यावरचा

गुरुवार भाग्य?? अहो गुरुवारी अर्धी कंपनी उपासाला! दत्ताचे, स्वामींचे, साईबाबांचे. आमची पण गुरुवारची सुट्टी, आम्ही एकदा हौसेने मटणाचा बेत केला, पानात बसले निम्मे, बाकीच्यांना केळी. ताई आधी यादी करा, उपासवाले किती, माळकरी किती, तुमचे बिहार-ओडिशाचे पोरं काय खातात ते पण विचारा, आणि उपासवाल्यांना नुसती साबुदाणा खिचडी नका देऊ, भगर-आमटी, दही, रताळ्याचा कीस असं दणदणीत द्या. ज्याचं जेवण चुकलं तो दिवसभर कुठल्या टीममध्ये नसतो.

खेळ आपले साधे ठेवा, माईकवाला नको. लगोरी, सात चपट्या दगडांवर आणि रबरी चेंडूवर होते, खर्च शून्य. रस्सीखेच, पण प्रेस शॉप विरुद्ध ऑफिस असं चुकूनही नको, ते मागच्याच बसच्या सीटा झाल्या. जन्ममहिन्याप्रमाणे गट पाडा, आपोआप मिसळतात. आट्यापाट्या येत असेल कुणाला तर पाट्या पूर्ण नऊ नका आखू, चार पुरेत, चुन्याने आखा. आमच्याकडे कॅशियर मॅडम पाटीवर उभ्या राहिल्या तर एकही जण पार होईना, कॉलेजात खेळलेल्या होत्या, आम्हाला अकरा वर्षं पत्ता नव्हता. तेव्हापासून व्हाउचर क्लिअर करायला गेलं की आधी आट्यापाट्यांचा विषय निघतो.

आणि ७५ हजारातले पाच-सहा वाचले तर ते खंडेनवमीला ठेवा. मशीनची पूजा तर तुम्ही करताच, त्या दिवशी घरच्यांना बोलवा. सगळ्या मशीन बंद, पॉवर काढलेली, आणि ज्याची जी प्रेस तो स्वतः बायकापोरांना दाखवणार. आमच्या एका ऑपरेटरची मुलगी सातवीत होती, ती बापाला म्हणाली हे एवढं मोठं तुम्ही चालवता? तो माणूस दिवसभर जमिनीवर नव्हता.

स्पष्टवक्ता

पाकिटाची सूचना मी मागे घेतो. अर्धीच.

भोसरीची_एचआर

तीन आठवड्यांनी आलेय, उशिराबद्दल सॉरी, मध्ये ऑडिट होतं.

बुधवारची शर्यत झाली. सहा गट केले, ६३ टनी प्रेसवर, मेंटेनन्सचे काका (तेच, कंबरवाले) सेफ्टीचे पंच. एक गट सगळ्यात फास्ट होता, त्यांना काकांनी बाद केलं कारण कुलपाची चावी खिशात ठेवायच्या ऐवजी पॅनेलवर राहिली. आरडाओरडा झाला पण काका हलले नाहीत. जिंकला तो गट म्हणजे दोन कॉन्ट्रॅक्टची पोरं, टूलरूमचा एक, क्वालिटीची एक मुलगी आणि आमचे अकाउंट्सचे तेच गृहस्थ ज्यांच्याशी मी भांडले होते. ४१ मिनिटांचं काम १९ मिनिटांवर आलं. दहाच्या आत काही नाही आलं काका, पण त्यात कळलं की दरवेळी सात-आठ मिनिटं नुसता २४ चा पाना शोधण्यात जातात, अख्ख्या शॉपमध्ये दोनच होते. अकाउंट्सवाल्यांनी शुक्रवारी स्वतःहून सहा पान्यांची पीओ (खरेदीची ऑर्डर) काढली, ज्यांच्याकडून मला स्टेपलर पिना मिळत नाहीत!

भाजे लेणी छान झाली, उपासवाले २३ निघाले, भगर कमी पडली. लगोरीत साहेबांना पाठीत चेंडू बसला तेव्हा एकदम शांतता झाली आणि मग तेच हसले. बस संध्याकाळी ६:२० ला भोसरीत. सीटांचं म्हणाल तर येताना पण पुढे ऑफिस मागे शॉप असंच बसले होते सुरुवातीला, नंतर मागे अंताक्षरी सुरू झाली तेव्हा पुढचे निम्मे मागे गेले. सगळे नाही. सेल्सचे दोघे लॅपटॉप उघडून बसले होते.

शनिवारी फळ्याची पहिली मीटिंग घेतली. उभ्याने, पन्नास मिनिटं लागली. अकरा अडचणी आल्या, पहिलीच चार नंबर प्रेसवरचा पंखा मार्चपासून बंद आहे ही. मला माहितीच नव्हतं, मी रोज तिथून जाते. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव स्वतःचं लिहिलं आणि तारीख मंगळवारची.

अंबडचे_काका

पाना ऐकून जुने दिवस आठवले. त्या पंख्याचं मात्र बघ हां ताई, मंगळवार म्हणजे मंगळवार. लोकांचं लक्ष आता फळ्याकडे नाही, पंख्याकडे आहे.

भोसरीची_एचआर

बुधवारी बसला काका. एक दिवस उशिरा, म्हणून साहेबांनी स्वतःच लाल टिकली लावली आणि मग हिरवी. पण रेग्युलेटर नाहीये, एकदम फुल स्पीडलाच फिरतो आणि खालचे जॉबकार्ड उडतात. ते बारा नंबरला लिहिलंय.